शिवकन्येला विचारलं का

तलवाडा, ता. गेवराई
८ फेब्रुवारी १९८७

सौ. केशरबाई विहीणबाई यांस, मु. युसूफ वडगाव,

तलवाड्याहून सुंदररावाचा नमस्कार पोचावा. इकडे सर्व ठीक आहे, पाणी सोडून.

आपली लेक आणि आमची सून शिवकन्या आपल्याकडे सुखरूप पोचल्याचे चि. गहिनीनाथाकडून समजले. वास्तविक दुसरे बाळंतपण आमच्या घरी व्हायचे. पण विहिरीने तळ दाखवला, टँकर दिवसाआड येतो आणि वस्तीपर्यंत येईतो निम्मा गळून गेलेला असतो. अशात पोटुशी सून ठेवणे बरे नव्हे म्हणून आपणास तसदी दिली. नात दुर्गा आमच्यापाशीच आहे. ती आजीला सोडत नाही.

पत्रास कारण असे की, आमच्या घरी याबाबत बैठक झाली. मी, माझे कुटुंब कौशल्याबाई व चि. गहिनीनाथ हजर होतो. सर्वानुमते असे ठरले की, मागच्या खेपेप्रमाणे याही खेपेस सिझेरियनच करावे व ते पाडव्याला करावे. बीडच्या एका खाजगी डॉक्टरांशी माझे बोलणे झाले आहे. एकदा पोट उघडले की पुढे दर वेळी उघडावेच लागते, असे त्यांचे म्हणणे. उघडायचेच तर चांगला दिवस का सोडावा? शिवाय त्याच दिवशी आमच्या दूध संस्थेच्या नव्या इमारतीचे उद्घाटन आहे. मंत्रिमहोदय येणार आहेत. (अशा दुष्काळात दूध किती येते ते विचारू नये. इमारत मात्र झाली आहे.) निमंत्रणपत्रिका छापायला गेली असून चेअरमन या नात्याने तीत मी घरच्या आनंदाची एक ओळ घातली आहे.

पाडव्याच्या आदल्या दिवशी जीप पाठवतो. सुनेची तयारी करून ठेवावी.

आपला,
सुंदरराव


युसूफ वडगाव, ता. केज
१५ फेब्रुवारी १९८७

सुंदरराव इवाई यांना केशरबाईचा रामराम.

पत्र पोचलं. शिवकन्येचे वडील गुरं घेऊन माजलगावच्या अंगाला छावणीत गेलेत, म्हणून जबाब मीच लिहिते. मी प्रौढ शिक्षणाच्या वर्गात लिहायला शिकले. अक्षराला हसू नका.

तुमच्या बैठकीला तीन माणसं हजर व्हती म्हणता. शिवकन्या व्हती का? पोट तिचं हाय म्हणून इचारलं.

आता हितलं सांगते. मी तिला अंबाजोगाईच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात दाखवून आणलं. तिथं औसेकर डॉक्टरीणबाई हायत. बोलायला कडक, पर समोरच्याला बसवून सांगतात. त्या म्हणल्या, मागच्या खेपेला शिझर कावून झालं? मी म्हणलं, दुर्गी पायाळू व्हती, डोकं वर न पाय खाली. मग त्यांनी शिवकन्येचं पोट चापसून पाहिलं न म्हणल्या, औंदा डोकं खाली हाय. मागचं कारण मागं गेलं. एकदा शिझर झालं म्हणजे दर वेळी शिझरच, असं काई न्हाई. पुष्कळ बाया दुसऱ्या खेपेला आपल्या आपण मोकळ्या होतात.

पर त्यांच्या अटी हायत. मागचा टाका पिशवीच्या खालच्या अंगाला आडवा असला पायजे. मधी दोन-तीन वर्षं गेली पायजेत, ती गेलीत. आन् बाळंतपण दवाखान्यातच झालं पायजे, जिथं शेजारी ऑपरेशनची खोली तयार असंल, रक्त तयार असंल. टाक्यावर ताण आला तर घटकाभरबी दम धरता येत न्हाई, म्हणल्या. तसं क्वचित होतं, पर होतं. त्यांनी काई लपवलं न्हाई.

तवा जीप पाठवायची घाई करू नका. कौशल्याबाईंना रामराम, दुर्गीला मुका.

केशरबाई


तलवाडा
२२ फेब्रुवारी १९८७

सौ. विहीणबाईंस सुंदररावाचा नमस्कार.

आपले पत्र वाचून धक्का बसला. आजच्या काळात सुईणीच्या भरवशावर बाळंतपण करण्याचा विचार आपल्यासारख्या समजूतदार बाईने करावा, याचे नवल वाटते. आपण कष्टकरी माणूस आहात, आपली बाळंतपणे खुरप्याच्या जागी झाली असतील. पण काळ बदलला. शिवकन्या आमच्या घराण्याची सून आहे. तिला धोक्यात घालायला माझी संमती नाही, सबब हा विषय बंद समजावा.

इकडे दुर्गामुळे वेगळाच ताप झाला आहे. पायाळू माणसाला जमिनीतले पाणी कळते असे लोक धरून बसलेत, त्यामुळे रोज कोणी ना कोणी तिला शेतात न्यायला येतो. परवा आमच्या गावचा म्हाळू आला. त्यावर सटवा म्हणाला, पोट उघडून काढलेली पोर पायाळू धरता येत नाही, ती पायाने आलीच नाही, डॉक्टरच्या हाताने आली. पारावर दोन तट पडले. दोन्हीकडचे लोक माझे मतदार, म्हणून मी गप्प. शेवटी म्हाळू तिला घेऊन गेला. ती एका जागी खाली बसली, त्याने तिथेच बोअर मारले. नुसता फुफाटा निघाला. नंतर पोरगी आजीला म्हणाली, मी तिथं शू करायला बसले होते. आता म्हाळू माझ्याशी बोलत नाही.

असो. जीप ठरल्याप्रमाणे येईल.

सुंदरराव


युसूफ वडगाव
२ मार्च १९८७

सुंदरराव इवाई यांना रामराम.

तुमी पत्र अर्धंच वाचता का? मी दवाखाना लिहिलं, ऑपरेशनची खोली लिहिली, रक्त लिहिलं. तुमी सुईण वाचली. पुन्हा एकदा काढून वाचा, मी थांबते.

आता एक खरं सांगते. मागच्या पत्रात मी असं लिहिलं की डॉक्टरीणबाईंनी आपल्या मनानं सांगितलं. तसं न्हाई. शिवकन्येनंच इचारलं. मी नुसती शेजारी बसले व्हते. तिनं इचारलं, बाई, मला आपलं आपण बाळंत होता येईल का? मला वाटलं बाई रागावतील. त्या म्हणल्या, हे इचारणारी तू या महिन्यात पहिली.

मागच्या खेपेला तिला कुणी काई सांगितलं न्हवतं. गहिनीनाथाची सही घेतली, हिला आत नेलं, जागी झाली तवा पोटाला पट्टी. मग जखम पिकली. लेकरू रडायचं न हिला कुशीवर वळता येत न्हवतं. कौशल्याबाईंनी लई केलं तिचं, त्याबद्दल बोल न्हाई. पर ते दिस तिच्या ध्यानात हायत. ती म्हणते, कापायची येळ आली तर मी न्हाई म्हणणार न्हाई. पर आधीच दिवस ठरवून, पत्रिका छापून नको.

टाका कसा हाय त्याचीबी खात्री झाली. जावईबापू बीडला गेलते, मागच्या दवाखान्यात इचारून आले. खालून आडवाच हाय. तुमाला त्यांनी उसाचं बेणं आणायला जातो म्हणून सांगितलं असंल. त्यांना बोलू नका, बायकोसाठी गेलते.

आता काम. रक्ताला दोन माणसं पायजेत. दवाखाना आपल्या माणसांचं रक्त घेऊन ठेवतो. आमची गडीमाणसं काई छावणीवर, काई ऊसतोडीला गेलेली. गावात म्हातारे न कोंबडे राहिलेत. तुमी चेअरमन. दोन माणसं पाठवा.

केशरबाई


तलवाडा
११ मार्च १९८७

सौ. विहीणबाईंस नमस्कार.

गहिनीनाथ बेणे न घेता परत आला तेव्हाच मला शंका आली होती. त्याला बोललो. तो खाली मान घालून ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, दादा, जीप मी नेऊ देणार नाही. जन्मात पहिल्यांदा त्याने मला नाही म्हटले. त्याची आई चुलीपाशी होती, तिने मागे वळूनसुद्धा पाहिले नाही, म्हणजे तिला आधीच माहीत होते.

रक्ताचा विषय संचालक मंडळापुढे ठेवला. सगळे म्हणाले, चेअरमनसाहेब, तुमच्यासाठी रक्त सांडू. मग मी कोण येतो म्हणून विचारले. शहादेवला मूळव्याध निघाली. हरिबाचा उपास, तो कधी सुटणार ते सांगता येत नाही. मुंजाजी म्हणाला, माझे रक्त घट्ट आहे, सुईतून येत नाही. बाकीच्यांना अचानक टँकरचा आवाज ऐकू आला आणि ते बाहेर गेले.

हे लिहून पत्र बंद करणार होतो. पण अर्धे वाचता असे आपण म्हणालात, तर अर्धे लिहितो हेही खरे आहे.

माझी धाकटी बहीण सरस्वती. पहिलटकरीण होती. कळा लागून दीड दिवस झाला तेव्हा तिला गेवराईला न्यायचे ठरले. गाडी मी हाकत होतो. बैल चांगले होते, वाट वाईट होती. ती सारखी ओरडत होती आणि मी तिला म्हणत होतो, आता आलंच, आता आलंच. गेवराईची झाडे दिसायला लागली तेव्हा मागचा आवाज बंद झाला. मला वाटले झोप लागली.

त्याला तीस वर्षे झाली. घरात कोणाला कळा लागल्या म्हणाले की मी बाहेर निघून जातो. दुर्गाच्या वेळी डॉक्टर म्हणाले ऑपरेशन करू, तेव्हा मला हायसे वाटले. कळा नाहीत, ओरडणे नाही, ठरल्या वेळी डॉक्टर हजर. मंत्री आणि पाडवा मी नंतर जोडले. चेअरमनने भीती वाटते असे कसे म्हणावे.

हे पत्र शिवकन्येला दाखवू नये.

सुंदरराव


युसूफ वडगाव
१६ मार्च १९८७

इवाई, रामराम.

पत्र दाखवलं न्हाई. वाचून चुलीत घातलं.

सरस्वतीबाईंना मी पाहिलं न्हाई, पर गाडीतली ती वाट मला ठाऊक हाय. आमच्यातबी अशा गेल्या. भ्या मलाबी वाटतं. रोज वाटतं. मी देवाला बसले तरी माझं ध्यान लेकीच्या पोटाकडंच असतं. पर सरस्वतीबाईंपाशी कुणी न्हवतं. गाडी, बैल न तुमी. शिवकन्या पहिल्यापासून दवाखान्यातच असंल. बाईंनी तसंच सांगितलंय, दिवस भरत आले की आधीच येऊन राहा, कळांची वाट घरी पाहू नका.

शिझरलाबी धोका असतो, आपल्या आपण होण्यालाबी असतो. बिनधोक्याची वाट बाईंनी कुठलीच दाखवली न्हाई. तुमी एकदा या न त्यांना सोता इचारा. तुमाला इचारायला येतं, तुमी आमदाराला इचारता.

केशरबाई


तलवाडा
३१ मार्च १९८७

सौ. विहीणबाईंस नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्याकडे येऊन गेलो, त्याचे आभार राहिले होते. डॉक्टरीणबाईंशी माझे बोलणे समाधानकारक झाले. मी त्यांना म्हणालो, मला लेखी हमी द्या. त्या म्हणाल्या, हमी मी पावसाचीही देत नाही आणि बाळंतपणाचीही देत नाही. पण मी तिथे उभी असेन. ते मला पटले. इतकी वर्षे राजकारणात आहे, ‘मी उभी असेन’ असे मला कोणी म्हटले नव्हते.

रक्तही दिले. किंचित चक्कर आल्यासारखे झाले, त्याची वाच्यता नसावी. गहिनीनाथाचेही घेतले, म्हणजे दोन माणसांचा प्रश्न मिटला.

आता काल काय झाले ते सांगतो. पाडवा झाला, इमारतीचे उद्घाटन झाले. पत्रिका आधीच वाटल्या गेल्या होत्या, त्यात माझी ती ओळ होती: ‘याच शुभदिनी चेअरमनसाहेबांच्या घरी नातवाचे आगमन.’ मी मंत्रिमहोदयांच्या माणसाला सांगितले होते की ती ओळ वाचू नका. त्याने ते त्यांना सांगितले नाही. साहेबांनी भाषणात नातवाचे अभिनंदन केले, त्याला सहकाराच्या मातीत जन्मलेले बाळ म्हटले आणि त्याच्या नावाने माझ्या गळ्यात हार घातला. टाळ्या झाल्या. कौशल्याबाई बायकांत बसली होती, ती हसून हसून पदर तोंडात कोंबून बसली. रात्रीपर्यंत लोक पेढे मागायला येत होते. बाळ कसे आहे म्हणून विचारत होते. मी म्हणालो, बाळ बरे आहे, अजून आत आहे.

दिवस भरून गेले, अजून काही नाही. डॉक्टरीणबाई काय म्हणतात ते कळवावे. मी इकडे रागात नाही, काळजीत आहे. त्यातला फरक मला आता कळतो.

सुंदरराव


अंबाजोगाई
१० एप्रिल १९८७

सुंदरराव इवाई यांना केशरबाईचा रामराम.

परवा तुमी आलात, नातीजवळ लई येळ उभं राहिलात, पर आत काय झालं ते तुमी इचारलं न्हाई. इचारायचं व्हतं, ते तोंडावर दिसत व्हतं. जावईबापू झालं एवढंच सांगतात. म्हणून सगळं लिहिते. बसून वाचा, शेवट चांगलाय हे तुमाला माहीत हाय.

पाडवा गेला तरी काई हलेना, तवा डॉक्टरीणबाई म्हणल्या, जुना टाका हाय म्हणून मी कळांचं औषध देणार न्हाई. पुढच्या शनवारपर्यंत वाट पाहू. न्हाई झालं तर ऑपरेशन. शिवकन्येला इचारलं, तुला काय वाटतं? ती म्हणली, शनवार बरा हाय.

सोमवारी सकाळी ती चहा पीत व्हती. कप खाली ठेवला न म्हणली, आई, लागलंय. तिला आत नेलं. मला बसू दिलं, एका बाईला बसू देतात. नर्स सारखी नळी लावून बाळाचे ठोके ऐकायची न दर वेळी एकच इचारायची, कळ नसताना टाका दुखतो का? शिवकन्या न्हाई म्हणायची. दुपार होत आली तवा ती नर्सला म्हणली, बाई, टाका दुखत न्हाई, पर तुमी इचारून इचारून माझं डोकं दुखतंय. नर्स हसली न पुन्हा तेच इचारलं.

ऊन कलल्यावर ठोके मंद झाले. नर्सनं बाईंना बोलावलं. बाईंनी शिवकन्येला डाव्या कुशीवर वळवलं, प्राणवायू लावला न तिथल्या माणसाला सांगितलं, ऑपरेशनची खोली उघडा. तवा मला तुमची ती गाडी आठवली. मी मनात म्हणलं, आता आवाज बंद होऊ नको.

बाई वाकून म्हणल्या, शिवकन्या, ठोके वर आले न्हाईत तर मी तुला आत नेणार. ती म्हणली, न्या. फक्त न्यायच्या आधी मला सांगा. बाई म्हणल्या, हे सांगितलंच की. ती म्हणली, हां, सांगितलंत. न तिनं माझा हात धरला. कागद आणला तवा सही तिनंच केली. जावईबापू दारात उभे व्हते, त्यांना कुणी सही मागितली न्हाई.

कुशीवर वळल्यावर ठोके वर आले. बाईंनी पुन्हा पुन्हा ऐकले. म्हणल्या, खोली उघडीच राहू द्या, पर थांबू. मग लई येळ न्हाई लागला. शिवकन्या ओरडली. इवाई, ती लई मोठ्यांदा ओरडली. बाहेरच्या झाडावरचे कावळे उडाले असं जावईबापू सांगतात. तुमाला वाईट वाटेल म्हणून मी हे गाळणार व्हते, पर गाळलं न्हाई. ते ओरडणं वेगळं असतं. आपल्या बळानं काम करणाऱ्या बाईचं असतं ते. शेवटाला बाई म्हणल्या, आता जोर धर, न पोरगी आली. डोक्यानं आली. रडत आली.

बाईंनी आत हात घालून जुना टाका तपासला, शाबूत हाय म्हणल्या. रक्त लागलं न्हाई. तुमचं रक्त दुसऱ्याच बाईला दिलं, ती माजलगावकडची हाय, अवघड झाली व्हती, वाचली. तिचा नवरा तुमाला शोधत व्हता. नर्सनं त्याला सांगितलं, तो सुईला पाहून आडवा झालेला चेअरमन व्हता, तो गेला तलवाड्याला. मी वाच्यता केली न्हाई, पर सगळ्या दवाखान्याला माहीत हाय.

शिवकन्या दुसऱ्या दिवशी उठून सोता मोरीत गेली. वाटेत थांबून माझ्याकडं पाहिलं. मीच रडले.

केशरबाई


तलवाडा
१७ एप्रिल १९८७

चि. सौ. शिवकन्येस अनेक आशीर्वाद.

तुला पत्र लिहिण्याची ही माझी पहिलीच वेळ. घरात असताना मी तुला काही सांगायचे तर तुझ्या सासूला सांगत असे, आणि माहेरी असलीस की तुझ्या आईला लिहीत असे. त्यामुळे मजकूर कसा असावा ते सुचत नाही, दोन कागद फाडले.

नात झाल्याचे गावाला सांगितले. काही जण म्हणाले, मंत्री तर नातू म्हणाले होते. मी म्हणालो, मंत्र्याचे काय खरे धरता.

विचारायचे ते असे. बारसे कुठे व कधी करावे? नाव काय ठेवावे? आणि तू तलवाड्याला कधी येणार? टँकर अजून दिवसाआडच आहे, हे आधीच सांगतो. इथे बैठक झालेली नाही, काही ठरलेले नाही. तू सांगशील तेव्हा जीप घेऊन मी स्वतः येईन. म्हणशील तर गाडी जुंपून येईन. आता मला हाकता येईल असे वाटते.

सुंदरराव


युसूफ वडगाव
२५ एप्रिल १९८७

ती. मामांना शिवकन्येचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. पाकिटावर माझं नाव पाहून पोस्टमनला वाटलं चुकून आलं, तो आईलाच देत होता.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. बारसं इथंच करू, पण आत्याबाई आणि दुर्गी आठ दिवस आधी आल्या पाहिजेत. नाव आत्याबाईंनी आणि दुर्गीनं ठरवून आणावं, दोघींचं एकमत झालं तर. मला आणखी महिनाभर इथंच राहायचं आहे. जखम नाही, दुखत नाही, तरी राहायचं आहे.

त्यानंतर येईन. जीप नको, गाडी नको. यांना एकट्यांनाच पाठवा. आम्ही एस.टी.नं येऊ. बाळाला मांडीवर ते घेतील. खिडकीपाशी मी बसणार आहे.

शिवकन्या